डोळे नसलेलं पाखरू

उद्या शनिवार. चारच्या एसटीने ती मुलगी कॉलेजातून तिच्या घरी येईल आणि मला तिच्यासमोर बसून बोलावं लागेल. त्याआधी एकदा लिहून काढते, म्हणजे ऐनवेळी शब्द फिरवणार नाही. शब्द फिरवायला मला जमतं. चौदा वर्षं कुणाला पत्ता लागला नाही.

मी अंगणवाडीत बाई आहे. म्हसळ्याहून दिवेआगरकडे येताना आत वळून आमचं गाव लागतं. त्या वर्षी दसरा झाला आणि वरून एक कागद आला. तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी शरद ऋतूतील सोप्या हस्तकला. सोबत चित्र, लालपिवळ्या पानांच्या ढिगात बसलेली गोरी, गुबगुबीत मुलं. आमच्याकडे आश्विनात कुठली पानं गळतायत? भात पिवळं पडतं, ऊन चटके देतं, गवत कमरेएवढं वाढलेलं असतं. लाल पान म्हणाल तर बदामाचं, तेही एखाददुसरं. तेव्हाच्या मदतनीस आजींना मी चित्र दाखवलं. त्या म्हणाल्या, "एवढा पाचोला? कोन झाडीत न्हाय वाटतं यांच्यात."

आम्ही हसलो. दुसऱ्या दिवशी आजी लेकीकडे पालीला गेल्या. मी एकटीच होते, आणि मला काहीतरी छान करून दाखवायचं होतं.

पाखरं करायची ठरवली. पुठ्ठ्यावर बदामाच्या पानाचं अंग, भाताच्या काडीची शेपटी. डोळ्यांना गुंजा. अंगणवाडीला लागून एक घर आहे, त्याच्या कुंपणावर गुंजेचा वेल होता. पहिल्या शेंगा तडकल्या होत्या. लाल मणी, त्यावर काळा ठिपका, आयता डोळाच. पण दमट हवेत डिंकाने त्या चिकटेनात. मग मी वाटीभर गुंजा घरी नेऊन पाण्यात भिजत घातल्या, मऊ झाल्यावर दाभणाने एकेकीला भोक पाडलं आणि सोमवारी दोऱ्याने पाखरांवर ओवून दिल्या.

गुंजेची बी विषारी, हे मला माहीत नव्हतं असं म्हणणार नाही. पण आमच्याकडे घसा बसला की गुंजेचा पाला चघळतात. गोड लागतो. त्याच आठवड्यात मी मुलांना एकेक पान चाखायला दिलं होतं, "बघा, साखरेसारखं." आणि बी अख्खी पोटात गेली तर तशीच बाहेर पडते, हेही लहानपणापासून ऐकलेलं. माझ्या बिया अख्ख्या राहिल्या नव्हत्या, हे काही मनात आलं नाही.

पंधरा पाखरं झाली, भिंतीवर टांगली. घरी जाताना पाहिलं, शेजारच्या घरातल्या चार वर्षांच्या मुलीच्या पाखराला नुसता दोरा लोंबत होता.

"तुझ्या पाखराचे डोळे कुठे गं?"

"झोपलंय ते."

मी हसले. तिच्या गालाला हात लावला आणि दार ओढून घेतलं.

मंगळवारी ती आली नाही. दहाच्या सुमाराला कुंपणापलीकडून ओकाऱ्यांचा आवाज आला. मग तिच्या आईची हाक, "बाई, जरा या हो!" त्या हाकेआधीच मला कळलं होतं. 

मुलांना घरी धाडलं आणि आम्ही दोघींनी तिला रिक्षाने तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. मुलगी ग्लानीत "गुंज, गुंज" म्हणत होती. आई डॉक्टरांना म्हणाली, "आमच्या कुंपणावर वेल हाय. मी पाण्याला गेलेली, तेवढ्यात खाल्ली असंल."

डॉक्टर म्हणाले, "अख्खी गिळली असेल तर बहुतेक तशीच पडते. चावलेली असेल, टोचून भोक पाडलेलं असेल, तर प्रकरण वेगळं. मग मी इथे ठेवणार नाही, लगेच मोठ्या दवाखान्यात पाठवेन." आणि माझ्याकडे वळले. "बाई, तुमच्याकडे काही खेळायला होत्या का?"

"नाही," मी म्हटलं. "आमच्याकडे नाही."

एवढंच बोलले. त्यांनी सलाईन लावलं आणि वाट बघायचं ठरवलं. मी परत आले, पंधराच्या पंधरा पाखरं उतरवली आणि खिचडीच्या चुलीत घातली. बुधवारी नवी केली, त्यांना मिऱ्यांचे डोळे. एका मुलाने विचारलं, "आधीची कुठं गेली?" म्हटलं, "उडाली." चार वर्षांच्या पोरांना मोठं माणूस काही विचारत नाही, यावर मी विसंबून होते.

बुधवारी सकाळी मुलीला संडासावाटे रक्त पडायला लागलं. तेव्हा मोठ्या दवाखान्यात हलवलं. एक अख्खा दिवस गेला होता. तो मी घालवला. नऊ दिवस ती जगते की जाते असं चाललं होतं. जगली.

मग कुंपणाचा हिशोब सुरू झाला. मुलीच्या आजीने सुनेला सोडलं नाही. सणावारी, पाहुण्यांसमोर, पाणवठ्यावर तेच, "दारातलं इख दिसलं न्हाय हिला. पोर सांभालता येत न्हाय." सुनेने कोयत्याने वेल तोडला, मूळही खणून काढलं. मी अलीकडून बघत होते. मी तिला पाणी नेऊन दिलं.

पाच वर्षांपूर्वी जुन्या मदतनीस आजी निवृत्त झाल्या आणि त्यांच्या जागी ती सूनच, मुलीची आई, आमच्याकडे लागली. दर आश्विनात मुलं यायच्या आधी ती अंगण दोनदा झाडते, कुंपणालगतचं गवत हाताने चाचपून बघते. एकदा मी म्हटलं, "अगं, आता कुठे वेल आहे?" ती म्हणाली, "एकदा चुकले ना बाई मी."

मी हजेरीची वही उघडली.

या सोमवारी पुन्हा तसाच निरोप आला, आता मोबाईलवर. शरद ऋतू, पानं, सोप्या वस्तू. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "बाई, पाखरं करूया. आमची कॉलेजातली काल फोनवर सांगत होती, लहानपणी बाईंनी पाखरं शिकवलेली म्हणे. माझ्या पाखराला डोळे का नव्हते गं आई, म्हणून इचारते. मी म्हटलं, मला काय ठावं, बाईंना इचार."

मी खुर्चीवरून उठून खाली तिच्याजवळ बसले आणि सगळं सांगितलं. भिजवणं, दाभण, दोरा, डॉक्टर, चूल. ती सुपातले तांदूळ सपाट करत राहिली.

"भोकं तुम्ही पाडलीव?"

"हो."

"आनि डॉक्टरनी इचारलं तेव्हा मी शेजारीच हुते."

"हो."

मुलं बाहेर घसरगुंडीवर ओरडत होती. मग ती म्हणाली, "सासू गेली माझी. तिला आता कोन सांगनार?"

ती उठली, खिचडी टाकली, मुलांना वाढलं. जाताना दारात थांबली. "शनवारी येतेय ती. तिला तुम्हीच सांगायचं. माझ्यासमोर. आनि तिच्या बापासमोर."

त्यानंतर चार दिवस ती वेळेवर येतेय, कामापुरतं बोलतेय. अंगण मात्र एकदाच झाडते. आज निघताना तिने माझ्या टेबलावर बदामाचं एक लाल पान ठेवलं, भाताची काडी आणि दोऱ्याची रीळ. "तसंच करून आना. नुसत्या बोलन्याने तिला पटायचं न्हाय."

केलंय. पुठ्ठ्यावर पान लावलं, शेपटी लावली. डोळ्यांच्या जागी दोरा तेवढा लोंबता ठेवलाय.