लाईन कापलेल्या गॅलरीतला दिवा

नमस्कार मंडळी. मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, त्यामुळे असले अनुभव सांगणाऱ्यांची आजवर यथेच्छ टिंगल केली आहे. या ग्रुपवरचं सगळं वाचते, पण करमणूक म्हणून... तेव्हा आता टिंगल करायची पाळी तुमची. करा, हक्कच आहे.

मला त्या 'नव्वदच्या दशकातली मुलं' छाप फॉरवर्ड्सचाही कंटाळा आहे. कॅसेट, पेन्सिल, गोट्या... झालं, सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. माझं नव्वदचं दशक एकलहऱ्याला गेलं, वीज केंद्राच्या कॉलनीत, आणि ते त्या फॉरवर्ड्समध्ये कुठेच नसतं. आमच्याकडे वाळत घातलेल्या पापडांवर राखेचा बारीक थर बसायचा. आई फडक्याने झटकायची आणि म्हणायची, "खा गुमान. राखेने भांडी लख्ख होतात, आतडी पण होतील."

आणि आमच्याकडे ओरडायची बंदी होती. बाबा ऑपरेटर, शिफ्ट ड्युटी. प्रत्येक बिल्डिंगमध्ये कोणी ना कोणी नाईट करून आलेलं किंवा नाईटला जायचं म्हणून झोपलेलं असायचं. म्हणून कुठलीही आई पोरांना हाका मारायची नाही. अंधारून आलं की गॅलरीतला दिवा चालू-बंद करायची. विजेला काय तोटा! प्रत्येक घराची खूण वेगळी. आमची म्हणजे दोनदा पटापट, मग जरा थांबून एकदा. की खेळ टाकून घरी. समोरच्या नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यावर मित्रांशी गप्पा मारत बसलेले बाबासुद्धा त्या दिव्याशिवाय जागचे हलायचे नाहीत.

बाबा रिटायर झाले आणि इंदिरानगरला फ्लॅट घेतला. पहिल्याच आठवड्यात आईने खाली फिरणाऱ्या बाबांना सवयीने तसंच बोलावलं, तर वरच्या मजल्यावरच्या काकांनी थेट इलेक्ट्रिशियनच पाठवला. "वहिनी, तुमचं कनेक्शन लूज आहे वाटतं." आई कितीतरी दिवस आठवून आठवून हसायची.

आई गेल्या वर्षी गेली. मी आणि नवरा बाबांजवळ राहायला आलो. त्यांचा विसराळूपणा आधीपासूनचा, तो आता झपाट्याने वाढला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या. पण संध्याकाळ झाली की "घरी जाऊ" सुरू व्हायचं... आणि घर म्हणजे एकलहरे. जेवायचं ताट बाजूला सारायचे. का, तर "अजून बोलावलं नाही." अंगावरचा शर्ट हँगरला लटकवल्यासारखा दिसायला लागला होता. मी एकदा आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतला दिवासुद्धा तसा लावून पाहिला. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "हा आपला नाही." कधीकधी रिकाम्या खुर्चीकडे बघून आईशी बोलायचे. मी म्हणायचे, "बाबा, तिथे कोणी नाहीये." दुसरं काय म्हणणार? मला फार भीती वाटायची. हा माणूस असाच, हाक यायची वाट बघत उपाशी संपणार, अशी.

शेवटी या थंडीत एका रविवारी दुपारनंतर त्यांना गाडीत बसवलं आणि एकलहऱ्याला नेलं. एकदा रिकामं घर डोळ्यांनी बघतील, मग निदान तो ध्यास तरी सुटेल, असा माझा शहाणा हिशोब.

आमची बिल्डिंग आता ओस पडली आहे. गेटवर एक वॉचमन होते, कानटोपी घातलेले. मी कोण, कशाला आले ते सांगितलं.

"बघा की ताई, पण वर नका जाऊ. जिना लय खराब झालाय," ते म्हणाले. "आत हाय काय बघायला? लाईन कवाच कापली. मीटर बी काढून नेले. वायरी तर चोरांनी नेल्या."

बाबा माझ्या शेजारी उभे राहून हे सगळं ऐकत होते. मी खालूनच पाहिलं. दुसऱ्या मजल्यावर आमची गॅलरी. उजेड होता, त्यामुळे नीट दिसलं... छताला बल्ब नव्हता, होल्डरही नव्हता. खिडक्यांना काच म्हणून उरली नव्हती.

बाबा सरळ चालत गेले आणि मोरीच्या कठड्यावर जाऊन बसले. चालताना एकदाही चाचपडले नाहीत. मीही बसले. धुराड्यांमागे सूर्य गेला, गार वारा सुटला. मी म्हटलं, "बाबा, निघू या ना आता?"

"थांब गं शुभे. बोलावेल ती."

मला रडू यायला लागलं. ते दिसू नये म्हणून मान वर केली, आणि म्हणूनच मला पहिल्यापासून दिसलं... आमच्या गॅलरीत दिवा लागला. पिवळा, जुन्या बल्बचा असतो तसा. दोनदा पटापट. मग जरा थांबून एकदा. गॅलरीचा कठडा, भिंतीवरचे पोपडे, सगळं त्या उजेडात स्पष्ट दिसलं. मग पुन्हा अंधार.

खरं सांगते, भीती अजिबात वाटली नाही. खेळ अर्धवट टाकून पळत सुटायचे तेव्हा वाटायचं ना, तसं पोटात काहीतरी उबदार हललं. आणि भूक लागली. सपाटून भूक.

बाबा उठले, पँट झटकली. "चल. वाढलं असेल," म्हणाले आणि बिल्डिंगकडे न वळता गाडीकडे निघाले.

गेटवर मी वॉचमनकाकांना विचारलं, वर कोणी आहे का? "कोन असनार? मी हितंच बसून हाय, समोरच तर हाय बिल्डिंग. का वो, काय झालं?" त्यांना काहीही दिसलं नव्हतं.

नवऱ्याचं म्हणणं, रस्त्यावरच्या ट्रकचे हेडलाईट असतील. तो रस्ता बिल्डिंगच्या मागच्या बाजूला आहे. मग म्हणाला, कोणीतरी बॅटरी मारली असेल. असेल, पण आमचीच खूण? मी स्वतः कागद घेऊन कोन-बिन काढून बसले होते, नाद सोडला. पुन्हा एका संध्याकाळी जाऊन तपासायला हवं, वर्गात मी पोरांना हेच शिकवते... मी गेलेले नाही. जाणारही नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर बाबा हात धुऊन पानावर बसले. भाकरी मोडली, घास हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. नजर अगदी स्वच्छ होती, कंट्रोल रूममधून घरी यायचे तेव्हाची.

"तू पण पाहिलास ना?"

"पाहिला, बाबा."

"म्हणजे मला एकट्यालाच नाही दिसला." त्यांनी घास खाल्ला. सावकाश चावला. "पण शुभे, तो माणूस म्हणाला लाईन कापलीय. मग लागला कसा गं?"

"माहीत नाही, बाबा."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि आमटीसाठी वाटी पुढे केली.