जयंतीभाईंचं दुकान आणि आडवी बाटली

माझी सगळी नोकरी महापालिकेच्या सचिव विभागात झाली. महासभेत कोण काय बोललं ते उतरवून घ्यायचं, हे माझं काम. पण इतिवृत्तात शेवटी जातो तो ठराव. कोण रुसलं, कोणी डुलकी काढली, कोणाचा माईक मुद्दाम बंद केला, हे सगळं आमच्या डोक्यात साठत जातं. रिटायर झाल्यावर मी ते घरी सांगायला लागलो, तर बायको म्हणाली, "मला फक्त ठराव सांगा." म्हणून आता तुम्हाला धरलंय!

तर २००८-०९च्या सुमाराची गोष्ट. आमच्या शहरातल्या इंद्रलोक वस्तीत एका बिल्डिंगखाली जयंतीभाईंचं जनरल स्टोअर होतं. दूध, पाव, डाळ-तांदूळ, सगळं मिळायचं. पण जवळ मोठं सुपरमार्केट उघडलं आणि धंदा बसला. जयंतीभाईंनी गाळ्यात पार्टिशन घातलं, रीतसर परवाना काढला आणि अर्ध्या भागात बिअर ठेवली. झालं, दुधाला येणाऱ्या बायका आणि बिअरला येणारे बाप्ये एकाच पायरीवर यायला लागले. संध्याकाळी मुलींना खाली पाठवायचं आयांनी बंद केलं.

विषय महासभेत आला. विधी अधिकारी उभे राहिले आणि म्हणाले, "परवाना राज्य सरकारच्या खात्याचा आहे. आपल्याला यात काही अधिकार नाही."

महापौर खुर्चीत मागे टेकले. "अधिकार नाही ना? मग निवांत बोलूया. काही बिघडायची भीती नाही."

आणि खरं सांगतो, पाण्याच्या विषयावर झाली नसेल इतकी सुरेख चर्चा त्या दिवशी झाली.

*

विषय आणला होता सुलभाताईंनी. मूळच्या रत्नागिरीकडच्या, त्याच वॉर्डातल्या, महिला राखीव जागेवरून आलेल्या. तोवर सभागृहात त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता. तेव्हाची रीत अशी, की बाई नगरसेविका आणि नवरा प्रेक्षक गॅलरीत. तो वरून खुणा करणार, बाई हात वर करणार.

सुलभाताई बोलायला उभ्या राहिल्या. वरून यजमानांच्या खुणा सुरू झाल्या: हळू बोल, जोरात बोल, आता बस. ताई दोनदा अडखळल्या. मग त्यांनी मान वर केली आणि माईकवरूनच म्हणाल्या, "अहो, तुम्ही जरा खाली जाऊन चहा घ्या. मला बोलायचंय."

सभागृह हसून हसून लोळलं. यजमान मुकाट्याने खाली गेले, आणि त्यानंतर ताई अशा काही बोलल्या की विरोधी बाकांवरूनही टेबलं वाजली.

*

मग पाहणी दौरा निघाला. सगळे नगरसेवक लवाजम्यासकट दुकानावर. जयंतीभाईंना ठाऊक होतं, ही मंडळी आपलं दुकान बंद करायच्या तयारीने आलीत. तरी त्यांनी सगळ्यांना ताक पाजलं. पाहणी करता करता एकाने खाकरे घेतले, दुसऱ्याला गव्हाचं पीठ आठवलं. सुलभाताईंनी चतुर्थीसाठी साबुदाणा घेतला.

ताईंबरोबर आलेल्या वॉर्डातल्या बायकांना ते खपलं नाही. "ताई, आपण यांच्याशी भांडतोय ना?"

ताई म्हणाल्या, "भांडण बाटलीशी आहे. साबुदाण्याने काय केलंय?"

आमच्या अहवालात एकच ओळ गेली, 'पाहणी करण्यात आली'.

*

पुढच्या सभेत आमचे हिराजीदादा उठले. खाडीकाठच्या गावातले, जुने नगरसेवक. घेतात हे सगळ्यांना माहीत. कोणीतरी मागून पुटपुटलं, "आता हे बिअरच्या बाजूने बोलणार."

दादा म्हणाले, "मी पितो. सगल्यांना ठावं हाय. पन पिवाला मी खाडीपलीकडं जातो. का? तं घरच्या बायांना दिसू न्हाय म्हनून. तेवरीच लाज शिल्लक हाय माझ्याकडं. दुकान जिन्याखाली आनलात, तं ती पन जाईल."

आणि खाली बसले. नंतर चहाच्या टपरीवर मी त्यांना म्हटलं, "दादा, काय बोललात!" तर म्हणाले, "लिवलास काय ते? लिवू नको, बायको वाचंल." मी नाही लिहिलं.

*

शेवटी ठराव झाला, की राज्य सरकारच्याच नियमात सोय आहे तसं वॉर्डातल्या बायकांचं मतदान घ्यावं, असं त्या खात्याला कळवावं. अशा मतदानात चिठ्ठीवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे बिअरचं दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. मेख अशी, की वॉर्डातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तरच दुकान बंद. म्हणजे जी घरी बसली, ती आपोआप दुकानाच्या बाजूची. जयंतीभाईंना काही करायचीच गरज नव्हती. ऊन वाढलं की त्यांचं काम झालं.

मतदान महापालिकेच्या शाळेत होतं. माझी तिथे ड्यूटी होती. सकाळी गर्दी झाली, पण दुपारी शुकशुकाट. सुलभाताई गेटपाशी उभ्या, तोंड सुकलेलं. म्हणाल्या, "म्हाताऱ्या बायका अडकल्यात हो. इतक्या उन्हात चालणार कशा?"

तेवढ्यात जयंतीभाईंचा माल पोचवायचा टेम्पो आला. चालवत होते स्वतः जयंतीभाई. मागे गोणपाट अंथरून चार-पाच आज्या बसलेल्या, आणि पुढे दुकानाच्याच बिल्डिंगमधल्या आक्का, गुडघ्यांनी अधू.

झालं होतं असं, की आक्कांना काहीही लागलं तरी त्या दुकानात फोन करायच्या. गॅस संपला, फोन. रिक्षा हवी, फोन. त्या दिवशीही सवयीने फोन केला, "जयंतीभाई, मतदानाला जायचंय, काहीतरी सोय करा." मग बाकीच्या आज्यांनीही तेच केलं.

आक्का खाली उतरायच्या आधीच मोठ्याने म्हणाल्या, "जयंतीभाई, आधीच सांगते हां, मी आडवीवर मारणार."

"मारो ने, आक्का. पहले चप्पल बराबर पहनो." त्यांनी वाकून चप्पल पुढे सरकवली, हात धरून आक्कांना खाली उतरवलं.

सुलभाताई पुढे होऊन म्हणाल्या, "जयंतीभाई, अहो, तुम्हाला कळतंय ना तुम्ही काय करताय?"

जयंतीभाई टेम्पोत चढत होते. म्हणाले, "ताई, इनको अंदर पंखे के नीचे बिठाओ. मैं दूसरी बिल्डिंग का फेरा मारके आता हूँ."