आईने माझूला पत्ता सांगितला

आत्ता ऑफिसात शेजारी बसणाऱ्या लिन-सानच्या जॅकेटला उदबत्तीचा वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, जपानमधल्या कोबेत!

वादळ आलेलं, बाबा जहाजावर, फोन लागेना. शेजारच्या तैवानी आजी आम्हाला माझूच्या देवळात घेऊन गेल्या. माझू म्हणजे समुद्राची देवी. धुराने काळाभोर झालेला केवढा तो चेहरा! मी श्वासच घेईना.

"आधी नाव-पत्ता सांग," आजी आईला म्हणाल्या, "नाहीतर देवी तुझा माणूस आणून पोचवणार कुठे?"

आईने मराठीत गोत्रासकट सांगितलं.

"आई, देवीला मराठी येतं?"

"गप गं!"

मग "हे सुखरूप आहेत ना?" विचारून तिने कौल लावायच्या लाकडाच्या दोन चंद्रकोरी जमिनीवर टाकल्या. एक उताणी, एक पालथी, म्हणजे हो! संध्याकाळी बाबांचा फोन आला.

तेव्हा देवीच अफाट वाटलेली. आता वाटतं, दोन्ही पालथ्या पडल्या असत्या तर देवीचं उत्तर 'नाही' आलं असतं. तरी आईने विचारलं!