क्लच नसलेली गाडी

आमचे भाऊजी, म्हणजे माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ, मोटरसायकलींच्या सीट बनवायचे. गाडी कोणत्याही कंपनीची असो, माणूस शेवटी चार बोटं जाडीच्या फोमवर बसलेला असतो, असं ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत. गिऱ्हाईक गाडीवर बसलं की हे मागे जाऊन, वाकून, फोम कुठे दबतो ते बघायचे. कुणाला भलतंच वाटावं अशी ती नजर, पण भाऊजींना त्या वेळी माणूस दिसतच नसे, फक्त वजन दिसे. मग लांब पात्याच्या सुरीने फोम कापायचा, वर रेग्झिन अंथरायचं, डाव्या हाताने ते ताणून धरायचं आणि उजव्या हाताने पिना मारत जायचं. खरी करामत डाव्या हाताची. ताण जरा कमी पडला की महिन्याभरात सुरकुत्या आल्याच म्हणून समजा.

लग्नाचा विषय आम्ही दोनदा काढला. पहिल्या मुलीने विचारलं, तुम्हाला फिरायला आवडतं का. यांनी तिला कोणत्या गाडीवर किती वेळाने कंबर धरते ते समजावून सांगितलं. दुसऱ्या वेळी मी आधीच दम दिला होता, म्हणून भाऊजी गप्प बसून राहिले आणि निघताना मुलीच्या वडिलांच्या गाडीची सैल पडलेली चेन घट्ट करून आले. वडील खूश झाले. मुलगी झाली नाही.

चाळिशी नुकतीच उलटली होती. एका सकाळी दात घासताना ब्रश हातातून पडला, आणि तो उचलायला वाकलेले भाऊजी पुन्हा उभेच राहिले नाहीत. डावी बाजू लुळी पडली होती. तोंड आठवड्यात सरळ झालं, पाय हळूहळू आला, हात मात्र मागे राहिला. बोटं मिटायची, पण त्यांत जोर नव्हता. दुकानात त्यांचा जुना भागीदार होता, तो आता रेग्झिन ताणून धरायला लागला आणि भाऊजी नुसत्या पिना मारायला लागले. आम्ही दोघं मिळून तीन हातांचे आहोत, असं भाऊजी गिऱ्हाइकांना हसत सांगत. भागीदार हसत नसे.

मोटरसायकलचा क्लच डाव्या हाताशी असतो. तो दाबल्याशिवाय गिअर पडत नाही, आणि गिअर पडल्याशिवाय गाडी जागची हलत नाही. मला ही विद्या त्यांच्या आजारपणात मिळाली. डॉक्टर म्हणाले, स्कूटर घ्या, तिला क्लचची भानगडच नसते. भाऊजी म्हणाले, स्कूटरवर माणूस खुर्चीत बसल्यासारखा बसतो, आणि खुर्चीत तर मी आत्ताही बसलोय.

त्याच डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. हाताचं जे काही परत यायचं असतं ते बहुतेक पहिल्या वर्षात येतं. नंतर फारसं येत नाही, तेव्हा आळस करू नका. मी स्वतः एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसते. 'बघू, करू' म्हणणारी माणसं मी रोज बघते आणि त्यांचं पुढे काय होतं तेही बघते. म्हणून मी भाऊजींच्या मागे हात धुऊन लागले. व्यायाम शिकवायला येणाऱ्या ताईंनी ओला टॉवेल पिळायला सांगितला, मी बादलीभर टॉवेल पुढ्यात ठेवले. त्यांनी कपड्यांचे चिमटे दोरीवर लावायला सांगितले, मी माझे सगळे चिमटे भाऊजींच्या हवाली केले. चिमट्यांअभावी आमचे कपडे वाऱ्यावर उडून शेजाऱ्यांकडे जाऊ लागले, पण भाऊजींच्या अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला हळूहळू चिमटा उघडता यायला लागला. पहिला चिमटा उघडला त्या दिवशी ते लहान पोरासारखे घरभर दाखवत फिरले. ताई म्हणाल्या, हे असंच चालू ठेवलंत तर बाकीची बोटंही येतील. मी मनातल्या मनात त्यांना त्याच दिवशी गाडीवर बसवलं होतं.

आणि नेमका तेव्हाच तो फोटो आला.

भाऊजींचा एक गट होता. सगळे गाडीवेडे. कंपनी नवी गाडी बाजारात आणायच्या आधी तिला काळ्यापांढऱ्या नागमोडी पट्ट्यांचे स्टिकर चिकटवून रस्त्यावर चाचणीला काढते, म्हणजे तिचा आकार कुणाला कळू नये. या मंडळींचं जगणं म्हणजे तो आकार ओळखणं. एखादा अंधुक फोटो हाती लागला की त्यावर आठवडाभर काथ्याकूट. इंजिन दोन सिलिंडरचं की चार, दिवा एक की दोन, सीट किती उंच. फोटोत गाडीपेक्षा स्टिकर जास्त दिसायचे आणि यांना स्टिकरच्या आतलं सगळं दिसायचं. गटात भाऊजींचा सर्वांत जवळचा मित्र स्पेअरपार्टच्या काउंटरवर बसायचा. त्याला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण त्याच्या तोंडाला तो नव्हता.

त्या वर्षी सगळ्यांचं लक्ष एका नव्या स्पोर्ट्स गाडीकडे लागलं होतं. सायलेन्सरच्या कुणा आतेभावाने धावत्या मोटारीच्या खिडकीतून तिचा फोटो काढला. डाव्या मुठीपुढे क्लचची दांडी असायला हवी, तिथे नुसता एक करडा ओरखडा होता. दांडी म्हणा, काचेवरची चमक म्हणा. भाऊजींनी तो फोटो मोबाइलवर घेतला आणि एका हाताने साफ करायला बसले. आधी काचेचं प्रतिबिंब काढलं, मग अंधार उजळला, मग कण पुसले. चमक समजून तो ओरखडाही पुसला. शेवटी स्वच्छ मूठ उरली. दांडी नाही. तो साफ केलेला फोटो त्यांनी गटात टाकला आणि लिहिलं की ही गाडी क्लचविना येणार, गिअर बटणावर पडणार.

गटात हसाहस झाली. स्पोर्ट्स गाडीला क्लच नाही म्हणजे पैलवानाला दंड नाहीत, असं कुणीतरी लिहिलं. भाऊजी वाद घालत राहिले. ते कशासाठी भांडतायत हे सगळ्यांना कळत होतं, त्यामुळे थोड्या दिवसांत हसणारे गप्प बसले.

दोनेक महिन्यांनी परदेशातल्या कुठल्याशा साइटवर दुसरा फोटो झळकला. गाडीचा रंग वेगळा, फोटोची चौकट वेगळी, डाव्या मुठीभोवती लाल वर्तुळ आणि खाली न वाचता येणाऱ्या लिपीत दोन ओळी. इथेही दांडी नव्हती. मग काय, सगळा गट हवेत. सायलेन्सर पेढ्यांचा डबा आणल्यासारखा चेहरा करून घरी आला आणि त्याने माझ्या नवऱ्यालाही तो फोटो दाखवला. भाऊजी खुर्चीतून उठून, पाय ओढत, खोलीत येरझारा घालत होते. इतके आनंदात मी त्यांना आजारपणाआधीही पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी चिमटे परत माझ्या दोरीवर आले.

मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वहिनी, क्लचच नाही म्हटल्यावर कशाला छळायचं या हाताला? मूठ नुसती धरता आली की झालं. तेवढं येतंच मला."

मी चिडले. डॉक्टरांनी सांगितलेल्या वर्षाची आठवण करून दिली. हात काय फक्त गाडीसाठी असतो का, असंही विचारलं. ते नुसते हसले. ताई यायच्या तेव्हा त्यांच्यासमोर दोनचार वेळा टॉवेल पिळल्यासारखं करायचे आणि त्यांना नव्या गाडीच्या गोष्टी सांगत बसायचे. काही आठवड्यांनी ताईंचं येणं बंद झालं. नवरा म्हणायचा, राहू दे, निदान माणूस हसतोय तरी. हसत तर होतेच. जेवताना, दाढी करताना, दुकानातून आल्यावर, सारखी ती गाडी. तिची सीट कंपनीने कशीही बनवलेली असो, आपण ती उघडून आपल्या मापाची करणार, फोम कुठे मऊ ठेवायचा आणि कुठे घट्ट, हेसुद्धा ठरून गेलं होतं. मला त्यांचा राग यायचा आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी जीव तुटायचा. पुढेपुढे अंगठ्यालाही चिमटा उघडेनासा झाला. ते माझ्या लक्षात आलं. त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, कोण जाणे.

गाडीवरचा पडदा उठायचा दिवस ठरला. कंपनी तो सोहळा सगळ्यांना घरबसल्या दाखवणार होती. आमच्या बैठकीच्या खोलीत गटातले पाचसहा जण सकाळपासून जमले. मी सुट्टी काढली होती, असं करायची माझी पहिलीच वेळ. भाऊजींनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. टीव्हीवर धूर झाला, दिवे झाले, कुणीतरी लांबलचक भाषण केलं, आणि कापड ओढलं गेलं.

गाडी लाल होती. कॅमेरा आधी चाकांवरून फिरला, मग टाकीवरून, मग डाव्या मुठीशी येऊन जरा थांबला. मुठीपुढे चकचकीत काळी दांडी होती. मला गाड्यांतलं काही कळत नाही, पण ती दांडी मलाही कळली.

खोलीत कुणी कुणाकडे पाहिना. सायलेन्सरच्या तोंडून शब्द फुटेना. सगळ्यांत आधी भाऊजीच बोलले. म्हणाले, "दिवा मात्र आपण बरोबर ओळखला होता."

मग सगळ्यांना एकदम कंठ फुटला. कंपनीने ऐनवेळी माघार घेतली असणार, पुढच्या वर्षी दुसऱ्या रूपात आणतील, परदेशात वेगळी देत असतील. एकेक जण चहा अर्धा टाकून निघून गेला. भाऊजी दारापर्यंत सगळ्यांना सोडायला गेले.

चारेक दिवसांनी मी भाजी निवडत होते, तेव्हा ते स्वयंपाकघरात आले आणि समोर बसले. मोबाइलवर दोन फोटो शेजारी शेजारी लावून आणले होते. एक त्यांनी साफ केलेला, एक परदेशातला. त्यांनी मला पुढच्या चाकाजवळचा एक स्टिकर दाखवला. दोन्हीकडे त्याचा कोपरा सारखाच सुटलेला होता. मागच्या भिंतीवरचा डागही तोच. कुणीतरी यांचाच फोटो उचलला होता, रंग बदलला होता, कडा कापल्या होत्या, लाल वर्तुळ काढलं होतं आणि आपलाच म्हणून टाकला होता.

"तो फोटो माझाच होता, वहिनी," ते म्हणाले. "माझंच मला परत आलं आणि मी ते खरं धरलं. दांडी होती. मी पुसली."

त्यांच्यावर ओरडावं असं महिनोन् महिने वाटत आलं होतं, आणि आता ओरडायचं कारण समोर असताना ओरडावंसं वाटेना. मी उठून त्यांचा डावा हात माझ्या हातात घेतला. तो गार होता आणि नको तितका मऊ झाला होता, काहीच न करणाऱ्या हातासारखा. मी रडले. ते रडले नाहीत. भाजी त्यांनीच उजव्या हाताने पुढे ओढली आणि देठं मोडायला लागले.

आम्ही ताईंना पुन्हा बोलावलं. त्यांनी एकेक बोट दाबून, वाकवून, ताणून पाहिलं, पण बाकीची बोटंही येतील असं या वेळी म्हणाल्या नाहीत. वर्ष उलटून गेलं होतं. आहे तेवढं टिकवू या, असं म्हणाल्या.

गाडी शोरूममध्ये आल्यावर भाऊजी म्हणाले, मला एकदा बघायचीय. नवरा नको म्हणाला. उगाच जखमेवर मीठ कशाला, असं त्याचं म्हणणं. म्हणून मी घेऊन गेले. रिक्षातून उतरताना त्यांनी शर्ट नीट केला. आत काचेच्या भिंतीपाशी ती लाल गाडी स्टँडवर उभी होती. विक्रेत्याने भाऊजींचा पाय पाहिला, हात पाहिला आणि काही न विचारता त्यांना बसायला मदत केली. त्याचे उपकार मी विसरणार नाही.

बसल्यावर सवयीने ते सीटवर जरा पुढेमागे सरकले. फोम फार कडक ठेवलाय, म्हणाले. उजवा हात मुठीवर ठेवला. मग त्याच उजव्या हाताने डावा हात उचलून डाव्या मुठीवर नेला, आणि त्याची चारही बोटं एकेक करून त्या काळ्या दांडीवर चढवली. मग दाबायला गेले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, कपाळावर घाम आला. दांडी हलली नाही.

शोरूममधली दुसरी गिऱ्हाइकं बघत होती. मला वाटलं, आता उतरतील.

ते माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, एकदा दाबून देता?"

मी पर्स खाली ठेवली. त्यांच्या बोटांवर माझे दोन्ही हात ठेवले आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. वाटलं होतं त्यापेक्षा ती दांडी जड होती. हळूहळू ती मुठीला येऊन टेकली. भाऊजींनी डावा पाय उचलून गिअरवर ठेवला आणि खाली दाबला. आत कुठेतरी खट् असा आवाज झाला.

"पडला," ते म्हणाले.

बंद गाडी होती ती, स्टँडवर उभी. भाऊजी काचेतून बाहेरच्या रस्त्याकडे बघत होते. माझे हात भरून आले म्हणून मी ते काढून घ्यायला लागले, तेव्हा त्यांनी मान हलवून मला थांबवलं.

"असा एकदम नाही सोडायचा," म्हणाले. "हळू सोडा. गाडी निघतेय."

मी हळू सोडला. जमेल तितका हळू.