भोंगा कुठं वाजवावा

घरात साप निघाला होता तेव्हा मी पलंगावर उभा राहून सूचना देत होतो. साप काठीनं बाहेर हाकलला तो बायकोनं. मी फक्त "डावीकडून, डावीकडून" म्हणत होतो, आणि साप उजवीकडून गेला. त्यामुळं पुढं गावात आपत्ती व्यवस्थापन समिती झाली आणि तिचा सचिव म्हणून मला नेमलं, तेव्हा बायको एवढंच म्हणाली, "बराबर माणूस निवडला. वरून सूचना द्यायचा अनुभव आहे तुम्हाला."

निवड माझ्या शौर्यावर झालीच नव्हती. भोकरदन तालुक्यातल्या आमच्या गावात ग्रामपंचायतीला लागून माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पूर, वीज, वादळ यांची गावानं आधीच तयारी ठेवावी म्हणून सरकार अनुदान देणार होतं, आणि त्याचा प्रस्ताव कॉम्प्युटरवर भरायचा होता. सरपंच दुकानात आले, चहा सांगितला आणि म्हणाले, "भरा तुम्हीच. अन् भरताच आहात तर सचिव बी व्हा." चहा त्यांनी सांगितला होता, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही. तो चहाही माझ्याच खात्यावर गेला होता, हे नंतर कळलं.

गावात लोक हसले. उन्हाळ्यात ज्या गावाला टँकर येतो, तिथं पुराची तयारी! आमचा ओढा वर्षातले बहुतेक महिने कोरडाठाक असतो, पोरं त्यात क्रिकेट खेळतात. पण तो यायचा म्हटलं की एकदम येतो. वरच्या अंगाला पाझर तलाव आहे. तो भरून सांडव्यावरून निघाला की गावाच्या खालच्या गल्लीत पाणी शिरायला फार वेळ लागत नाही.

त्या गल्लीतलं शेवटचं घर माझ्या काकूचं. प्रस्तावात 'धोक्यातील घरे' असा रकाना होता, त्यात मी पहिलं तिचंच लिहिलं. ती एकटीच राहते. सोबतीला तीन शेळ्या. आदल्या वर्षी पाणी तिच्या घरात शिरलं तेव्हा ती शेळ्या घेऊन माळवदावर चढली आणि पाणी ओसरेपर्यंत तिथंच बसली. मी अलीकडच्या काठावरून ओरडून सूचना देत होतो, हे सांगायलाच नको. त्या दिवशी मात्र मी ओरडत होतो तो भीतीनं. मातीचं माळवद, खाली भिजत चाललेल्या भिंती, आणि वर ती. भिंत बसली असती तर काय, हा विचार पुढं वर्षभर माझ्या डोक्यातून हलला नाही.

"काकू, आता आभाळ भरून आलं की आमच्याकडं येत जा," मी म्हणालो.

"न्हाई येणार."

"कामून?"

"एकदा आल्ते की. तुह्या काकाच्या टायमाला. पाणी येतंय, पाणी येतंय म्हणून गाठोडं बांधून पळाले, अन् थेंब न्हाई आला. मंग गल्लीतल्या बाया वरीसभर हसल्या. 'पळपुटी आली, पळपुटी आली.' आता मेले तरी पळणार न्हाई."

यावर मी तिला समजावलं, बायकोनं समजावलं, तलाठ्यानंही समजावून पाहिलं. काकूनं तलाठ्याला ताक पाजलं आणि वाटेला लावलं.

अनुदान मंजूर झालं. सामान आलं. दोर, बॅटऱ्या, स्ट्रेचर, नारिंगी लाईफ जॅकेटं आणि हातानं फिरवायचा भोंगा. दांडा गरगर फिरवला की शिवारभर आवाज जावा असा. लाईट गेली तरी वाजावा म्हणून असा मागवला होता. ही अक्कल माझी, आणि ती मी बऱ्याच लोकांना बऱ्याच वेळा सांगितली. लाईफ जॅकेट घालून पोरांनी कोरड्या ओढ्यात उभं राहून फोटो काढले. स्ट्रेचर एका लग्नात भाताचं पातेलं वाहायला गेलं ते हळदीचे डाग घेऊन परत आलं.

भोंगा कुठं लावायचा? मी म्हणालो, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर. कारण तिथं माझी नजर राहते. नकाशावर मी तिथंच लाल ठिपका दिला. ग्रामपंचायत गावाच्या उताराला आहे, खालच्या गल्लीच्या अगदी तोंडाशी, हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि ध्यानात येणं यात फरक असतो, तो मला पुढं कळला.

अनुदानाच्या पुढच्या हप्त्यासाठी रंगीत तालीम घ्यायची होती. तालुक्याहून साहेब आले. ठरलं असं, की भोंगा वाजला की सगळ्यांनी शाळेकडं जायचं. शाळा गावाच्या वरच्या अंगाला, बुद्धविहाराशेजारी, उंचावर आहे. मी लाईफ जॅकेट घातलं (साहेबांपुढं दिसावं म्हणून, पाणी कुठंच नव्हतं) आणि दांडा फिरवला.

गाव धावलं. सगळं गाव धावलं. शाळेकडं नाही, माझ्याकडं.

आमच्याकडं कुठं आवाज झाला की माणूस आवाजाकडं जातो. भांडण असो, बँड असो, बैल विहिरीत पडलेला असो. लांब जायची रीतच नाही. वरच्या गल्लीतली माणसंसुद्धा उतरून खाली आली. शाळेतली पोरं शाळा सोडून आली. सगळ्यात पुढं काकू होती, एका हातात शेळीचं दावं.

"काय झालं? कोण मेलं?" ती म्हणाली.

"कोणी न्हाई मेलं, काकू. पूर आलाय."

तिनं ओढ्याकडं बघितलं. धूळ उडत होती. तिनं माझ्या जॅकेटाकडं बघितलं. "डॉक्टरला दाखव," ती म्हणाली.

साहेब चिडले. मी आठवडाभर गावात दवंडी दिली, पत्रकं वाटली, लाउडस्पीकरवर सांगितलं: भोंगा ऐकताच शाळेकडे जावे. दुसरी तालीम झाली. तेव्हाही सगळे खाली आले. विचारलं तर म्हणाले, "शाळेकडं कोण कोण पळतंय ते बघाया आल्तो."

रात्री जेवताना बायको भाकरी वाढता वाढता म्हणाली, "एक मात्र मानलं पाहिजे. तुम्ही बोलावलं अन् लोक आले, असं आपल्या लग्नात बी झालं नव्हतं."

तो हप्ता लांबला आणि मी खट्टू झालो. गावाला शिस्त नाही, लोकांना कळत नाही, वगैरे भाषणं मी दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्यांना ऐकवत होतो.

सोयाबीन काढणीच्या तोंडावर पाऊस लागला. दोन दिवस थांबलाच नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी वरच्या गावातल्या मेव्हण्याचा फोन आला, "दाजी, सांडवा निघाला. पाणी चिक्कार आहे. जल्दी करा."

मी दुकानातून उडी मारून बाहेर पडलो. 'उडी' हा शब्द जरा जास्त आहे. डबा घेऊन आलेली बायको मागून ढकलत होती. ओट्यावर गेलो, भोंग्याचा दांडा हातात घेतला, आणि तिथंच हात थांबला. मला तालमीचा दिवस दिसला. सगळं गाव पळत येतंय, खाली, इथं, ओढ्याच्या तोंडाशी. हा दांडा फिरवला तर मी लोकांना वाचवणार नव्हतो, बुडायला बोलावणार होतो.

"काय झालं? फिरवा की!" बायको ओरडली.

"फिरवला तर सगळे इथंच येतील!"

तिनं वर शाळेकडं बघितलं. मग म्हणाली, "मंग वर न्या ना ते मढं! शाळेत जाऊन वाजवा!"

बोल्ट मीच आवळून बसवले होते, चोरी होऊ नये म्हणून. ते निघेनात. शेवटी शेजारच्या गॅरेजवाल्यानं पान्हा आणून ते सोडवले. भोंगा भरल्या घागरीएवढा जड. पुढून बायकोनं धरला, मागून मी. चिखलातून शाळेच्या चढाला लागलो. मी दोनदा घसरलो, ती एकदाही नाही. मध्येच मी म्हणालो, "डावीकडून चल, डावीकडून." तिनं मागं वळून जे बघितलं, त्यानंतर मी शाळेपर्यंत काही बोललो नाही.

वर व्हरांड्यात भोंगा ठेवला आणि मी दांडा फिरवला. हात भरून आले तसा बायकोनं फिरवला, तिचे भरले तसा मी.

आणि गाव आलं. छत्र्या, पोती, घोंगड्या डोक्यावर घेऊन, चिखल तुडवत, सगळे वर. "काय झालं? कुठं झालं?" मी एकेकाचं तोंड बघत होतो, मोजत नव्हतो, एकच तोंड शोधत होतो. खालच्या गल्लीतली माणसं आली. तिच्या शेजारची आली. ती नाही.

"काकू कुठंय?" मी विचारलं. कुणाला माहीत नव्हतं. त्या वेळी मी सूचना दिली नाही. मी चढ उतरायला लागलो, आणि पाय घसरून बसलो तो थेट तिच्या समोर. तीन शेळ्या पुढं, ती मागं, पदर डोक्यावर, धापा टाकत.

"अरे, काय झालं? हितं बसून कामून रडून राह्यला? कोण मेलं?"

"कोणी न्हाई," मी म्हणालो. "इतका उशीर कामून केला?"

"ही करडी शेळी खुंटा सोडंना. मला वाटलं, संपतंय की काय सगळं मी पोचायच्या आधी."

शाळेच्या व्हरांड्यातून सगळ्यांनी मिळून ओढा बघितला. तो तांबडा होऊन आला, खालच्या गल्लीत शिरला, ग्रामपंचायतीच्या ओट्यावर चढला. काकूच्या घराची ओढ्याकडची भिंत त्याच संध्याकाळी बसली. आवाज वरपर्यंत आला. बायकोनं काकूचा हात धरला. काकूनं तो सोडवून घेतला आणि म्हणाली, "मी पळाले न्हाई हां. बघाया आल्ते."

"आम्हाला माहीत आहे," बायको म्हणाली.

नंतर साहेब पाहणीला आले तेव्हा त्यांनी विचारलं, भोंगा मंजूर नकाशावरच्या ठिकाणी का नाही? जागा बदलल्याचं कारण लिहून मागितलं. मी बराच विचार करून लिहिलं, 'गावातील लोक बघायला येतात.' त्यांनी ते दोनदा वाचलं, खाली शाळेच्या पायऱ्यांवर शेळ्या घेऊन बसलेल्या काकूकडं बघितलं आणि सही केली.

काकूची भिंत पुन्हा उभी राहिली, घरकुलातून, विटांची. ती अजून तिथंच राहते. पण आता आभाळ भरून आलं की भोंगा वाजायच्या आधीच ती शेळ्या घेऊन शाळेत येते आणि व्हरांड्यातली कोपऱ्यातली, जिथून चढ पूर्ण दिसतो ती जागा धरून बसते.

"एवढ्या लवकर, काकू?" मी विचारतो.

"मंग काय," ती म्हणते. "कोण कोण पळून येतंय ते बघायला नको?"