कोमलला जालना दाखवताना

आमच्या फाट्यावर सकाळी साडेसहाला काळीपिवळी जीप येते. ती भरल्याशिवाय हलत नाही, आणि भरली तरी ड्रायव्हरला ती भरलेली वाटत नाही. मी आणि माझी धाकटी बहीण कोमल मागच्या फळीवर बसलो. मांडीवर पिशवी, पिशवीत चौदा भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि पाण्याच्या दोन बाटल्या. आईनं भाकरी मोजून दिल्या नव्हत्या, त्या मी वाटेत मोजल्या. मला मोजायची सवय आहे.

जाफराबादहून एसटीनं जालन्याला जायचं, दोन दिवस शहर पाहायचं आणि परत यायचं, असा बेत होता. ऐकायला लहान वाटतो. पण या दोन दिवसांवर बरंच काही ठरणार होतं.

मी जालन्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आजोबा मेंढरं घेऊन रानोरान फिरायचे. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मेंढरं कमी करून कपाशी आणि सोयाबीन धरलं. कोमल पंधरा वर्षांची, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. अकरावीला तिनं जालन्याला यावं, माझ्याच खोलीवर राहावं, अशी माझी फार इच्छा होती. ती मात्र नाही म्हणायची. का, ते सांगायची नाही. शेवटी अण्णांनीच मार्ग काढला.

"तिला दोन दिस जालना दाखवून आण. आल्यावर ती म्हणंल तसं करू. जबरदस्ती बिलकुल न्हाई."

इथं एक गोष्ट आधीच कबूल केलेली बरी. जालना दाखवायला निघालेल्या मीच जालना पाहिलेलं नव्हतं. दोन वर्षांत मला तीन रस्ते पाठ झाले होते: खोली ते कॉलेज, खोली ते किराणा दुकान आणि खोली ते बसस्टँड. चौथ्या रस्त्यावर जायला सोबत लागायची आणि सोबत मागायला मला धीर व्हायचा नाही. पण सुट्टीत घरी गेले की आई विचारायची, "काय पाह्यलं गं?" तेव्हा वर्गातल्या मुली जे सांगायच्या ते मी माझं म्हणून सांगायचे. मोती तलावाची संध्याकाळ, तिथली भेळ, माझा ठरलेला भेळवाला. कोमल कोपऱ्यात बसून ऐकायची. तिला शहराची गोडी लागावी, एवढाच माझा हेतू होता.

म्हणून निघायच्या आधी आठ दिवस मी वहीत बेत आखत होते. खोलीतल्या दोघी मुली सुट्टीला घरी गेलेल्या, त्यामुळे मुक्कामाचा खर्च नाही. जेवण घरचं. एसटीला बायकांना अर्धं तिकीट. पाहायची ठिकाणं मैत्रिणींच्या फोटोंवरून उतरवून घेतली. कोमलला विचारलं, "तुला काय बघायचंय?" ती म्हणाली, "आपल्या शेजारचे काका रेशमाचे कोष विकायला जालन्याला नेतात ना, ते कुठं जातात ते बघायचं." मी म्हटलं, "ते काय बघायची जागा आहे का?" आणि ते वहीत लिहिलं नाही.

जाफराबादच्या स्टँडवर पाय ठेवला आणि माझी पहिली चूक कळली. एसटीच्या दाराशी ही गर्दी. नारळ, दुर्वांच्या जुड्या, डोक्यावर टोप्या. खर्च, वेळ, भाकरी सगळं बघितलं होतं, फक्त कॅलेंडर बघितलं नव्हतं. संकष्टी चतुर्थी होती आणि अर्धी एसटी राजूरच्या गणपतीला निघाली होती.

"घरात कॅलेंडर न्हाई का गं?" माझ्या पायावर उभ्या असलेल्या एका आजींनी विचारलं.

"आहे, आजी."

"मंग ते काय भिंतीचं भोक झाकायला लावलंय का?"

कोमल इतकी हसली की कंडक्टरही वळला. तो तिकिटं फाडत ओरडत होता, "राजूरपर्यंत श्वास आत घ्या, राजूरला सोडा!" आणि झालंही तसंच. राजूरला एसटी अशी रिकामी झाली की आम्हाला खिडकीच्या दोन जागा मिळाल्या. कोमलनं खिडकीतूनच हात जोडले. मला म्हणाली, "लिही वहीत. दर्शन, खर्च शून्य."

जालन्यात उतरलो तेव्हा ऊन चढलं होतं. खोलीवर जाऊन भाकरी खाल्ली, डोक्याला ओढण्या बांधल्या आणि पहिल्या ठिकाणाला निघालो: जुना जालना. शहराच्या मधून कुंडलिका नदी जाते. तिच्या एका अंगाला जुना जालना, दुसऱ्या अंगाला नवा. एवढं मला पुस्तकातून माहीत होतं. उन्हाळ्यात नदी म्हणजे दगड, गवत आणि मध्ये पाण्याची एक चिंचोळी रेघ. कोमल पुलाच्या कठड्यावरून वाकून बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "हिच्यात मेंढरं धुता येतील का?"

पुढे गल्ल्या सुरू झाल्या. उंच जोत्यांची घरं, लाकडी दारांवर जुनी नक्षी, त्याच दारांना लावलेले नवे कोरे डिश अँटेना. एका दारात म्हातारे गृहस्थ गादीचा कापूस पिंजत होते. त्यांच्या दाढीवर कापसाचे पुंजके बसले होते. कोमल थांबली. मी तिला ओढलं, कारण वहीप्रमाणे पुढचं ठिकाण साडेतीनला होतं. एका वळणाला मी जरा चुकले. मग आणखी जरा. थांबून कुणाला विचारायचं सोडून मी जोरात चालत राहिले.

"शॉर्टकट आहे," मी म्हटलं.

अर्ध्या तासानं आम्ही पुलावर आलो.

"ताई, हा मघाचाच पूल हाय."

"नाही गं. दुसरा आहे."

"मंग ह्या पुलावर पण तोच टरबूजवाला, अन् त्याच्या गाड्यावर तेच लंगडं मांजर?"

मी म्हटलं, शहरात सगळीकडे सारखंच असतं.

संध्याकाळी मोती तलावावर गेलो. इथं मात्र रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो सोडतो, त्यामुळे चुकायची भीती नव्हती. ऊन उतरलं होतं. पाण्यावरून गार वारा येत होता. म्हातारे पाय मोकळे करत होते, बाया लेकरांना घास भरवत होत्या. पाण्याच्या काठाकाठानं पांढरे बगळे एक पाय दुमडून उभे होते. इतकं चांगलं असेल असं मला वाटलं नव्हतं. दोन वर्षं हे इथंच होतं, माझ्या खोलीपासून रिक्षाच्या एका फेरीवर.

"तुझा भेळवाला कुठंय?" कोमलनं विचारलं.

कडेला चार गाडे होते. मी त्यातल्या जवळच्याकडे गेले आणि शक्य तितक्या सहज म्हणाले, "भैया, दोन द्या. नेहमीसारखी."

त्याच्या हातातला चमचा थांबला. "नेहमीसारखी म्हंजे कशी, ताई? मी तर आठ दिसांपासूनच गाडा लावून राह्यलो हितं."

माझे कान तापले. शेजारच्या गाड्यावरचा माणूस मदतीला आला. "त्या माझ्याकडं यायच्या असतील. कवा आल्त्या तुम्ही?" मी सुट्टे पैसे शोधायला लागले. भेळवाला बिचारा म्हणाला, "काही हरकत न्हाई. तिखट कमी टाकतो, आजपासून नेहमीसारखी."

आम्ही काठावर बसलो. भेळ हातात तशीच. मला वाटलं कोमल हसेल. ती हसली नाही.

"ताई, तू हितं कधी आल्तीस का?"

"नाही."

"अन् त्या बाकीच्या जागा?"

"नाही."

"मंग दोन वर्षं काय केलं?"

"कॉलेज. खोली. बसस्टँड." मग सांगायला लागले आणि थांबता येईना. पहिल्या महिन्यात रस्ता विचारायची लाज वाटायची म्हणून एका मुलीच्या मागे मागे कॉलेजला जायचे. आजारी पडले तेव्हा दवाखाना कुठं ते माहीत नव्हतं, म्हणून दोन दिवस झोपून काढले. घरी सांगितलं असतं तर अण्णांनी परत नेलं असतं, म्हणून कधीच सांगितलं नाही.

कोमल माझ्यावर चिडली. खरंच चिडली, तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"मी तुझ्याच गोष्टींना भ्याले, ताई! तू घरी येऊन सांगायची, हिकडं गेले, तिकडं गेले, सगळे ओळखतात. मला वाटायचं, हिला सगळं बराबर जमतं. मला फाट्यावरच्या दुकानदाराशी बोलता येत न्हाई. मी तिथं कशी ऱ्हाऊ? म्हणून न्हाई म्हणत होते."

ज्या गोष्टी मी तिला शहराकडे ओढायला सांगत होते, त्याच गोष्टींनी तिला अडवून ठेवलं होतं. बगळ्यांपैकी एकानं पाय बदलला. कोमलनं ओढणीनं डोळे पुसले आणि भेळ खायला सुरुवात केली. "तिखट कमी कुठंय?" ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही उघडली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, मिटली आणि स्वतःच्या पिशवीत टाकली.

"आज आपण कोषाच्या बाजारात जायचं."

"रस्ता मला माहीत नाही."

"मला पण न्हाई. विचारू. विचारायला तिकीट लागत न्हाई."

पण विचारणार कोण, यावर आम्ही कोपऱ्यावर पाच मिनिटं भांडलो. अखेर ठरलं, एकदा तिनं विचारायचं, एकदा मी. पहिली पाळी तिची. तिनं एका दूधवाल्याला इतक्या हळू विचारलं की तो म्हणाला, "काय? दूध?" दुसऱ्या पाळीला मी एका पोलिसाला विचारलं आणि माझाच आवाज ऐकून मी दचकले. पाचव्या माणसापर्यंत आम्ही बरं बोलायला लागलो होतो. सहाव्यानं तर चहा पिऊनच जा म्हणून आग्रह धरला.

रेशीम कोषांचा बाजार मी कधी डोळ्यांपुढे आणलाच नव्हता. मोठी शेड, आत ओळीनं ठेवलेले प्लास्टिकचे कॅरेट, आणि प्रत्येकात पांढरे कोष, कबुतराच्या अंड्याहून जरा लहान. इतकं पांढरं एकदम पाहिल्यावर डोळे दिपले. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात घालत होते, तळातले कोष वर काढून बघत होते, एखादा कानाशी नेऊन हलवत होते. आम्ही दाराशीच उभ्या राहिलो. पाळी कोमलची होती.

जवळच एक मावशी आपल्या कॅरेटांपाशी बसल्या होत्या. जांब समर्थ गावाहून पहाटेच आल्या होत्या. कोमल त्यांच्यापुढे उकिडवी बसली.

"मावशी, ते कानाला लावून काय ऐकून राह्यले?"

"घे, तूच ऐक."

कोमलनं कोष कानाशी हलवला. तिचे डोळे मोठे झाले. मग तिनं तो माझ्या कानाशी धरला. आत काहीतरी खुळखुळत होतं, वाळल्या शेंगेतल्या दाण्यासारखं.

"आतला किडा सुटा झाला की वाजतो," मावशी म्हणाल्या. "वाजला तर माल पक्का. न्हाई वाजला तर आत ओल हाय, नायतर किडा मेलाय. वरून सगळे सारखेच दिसतात, माय."

कोमलनं विचारायचा सपाटा लावला. तुती किती, पानं दिवसातून किती वेळा, घरात कोण कोण राबतं. मावशी म्हणाल्या, "ही पोरगी माझी मुलाखत घेऊन राह्यली का हुंडा ठरवून राह्यली?" आजूबाजूचे हसले. एक दूरचा व्यापारी मोडक्या हिंदीत म्हणाला, "बेटी, तू ही बोली लगा दे." कोमल लाजली, पण उठली नाही. मावशींच्या मालाचा भाव होईपर्यंत आम्ही तिथंच बसलो. भाव चांगला आला असावा, कारण मावशींनी निघताना कोमलच्या हातावर दोन कोष ठेवले.

बाहेर आलो तर उन्हाचा तडाखा. एका गाड्यावर दोघींनी मोसंबीचा रस घेतला. गाडेवाल्यानं न विचारताच कोमलनं त्याला सांगून टाकलं, "आम्ही पहिल्यांदाच आलोय." त्यानं ग्लास वरपर्यंत भरला.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी झोपली. तिच्या ओढणीच्या गाठीत ते दोन कोष होते. माझ्या मनात एकच प्रश्न होता आणि तो विचारायची पाळी अण्णांची होती. राजूर आलं. आता मी तिच्या वतीनं हात जोडले.

घरी अण्णा अंगणात बाजेवर बसले होते. आईनं पाणी आणलं. अण्णांनी कोमलकडे पाहिलं.

"मंग? कसं हाय जालना? जायचं का न्हाई?"

कोमल पाणी प्यायली, तिनं तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे बोट केलं.

"हिला तिथलं काहीच येत न्हाई, अण्णा. दोन वर्षं तिथं ऱ्हायली, दवाखाना पण माहीत न्हाई. मला जावंच लागंल."

अण्णांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मग आईला म्हणाले, "दोघींच्या भाकरीचं बघ आता." एवढंच.

शहर दाखवायला नेताना आधी आपण ते पाहिलेलं असावं, असं मला वाटत होतं. आता तसं वाटत नाही. माझी वही कोमलनं अजून परत दिलेली नाही. तिच्यात तिनं नवी यादी सुरू केली आहे आणि पहिल्याच ओळीवर लिहिलं आहे: दवाखाना.