मुली मोजून आणण्याचे काम

अक्षर माझे किरटे आहे आणि ऱ्हस्व-दीर्घाचा मेळ मला कधीच जमला नाही. चौथीनंतर पाटी सुटली ती सुटलीच. हे कागद कुणाच्या हाती लागले तर त्याने रागावू नये. मी ते दाखवायला लिहिलेले नाहीत.

तेव्हा आम्ही पंचवटीत राहत होतो. यजमान तांब्यापितळेच्या भांड्यांच्या कारखान्यात होते, तिथे त्यांचा हात दुखावला आणि काम बंद झाले. नदीपलीकडे मुलींची शाळा होती. लहान मुलींना एकट्या पाठवायला घरची माणसे तयार नसत, म्हणून शाळेने त्यांना नेण्या-आणण्यासाठी बाया ठेवल्या होत्या. सकाळी घरोघर जाऊन हाक मारायची, मुलींना पुलावरून शाळेत न्यायचे आणि संध्याकाळी एकेकीला दारात पोचवायचे. पंचवटीच्या मुली माझ्याकडे आल्या. पगार महिना सहा रुपये. मी बुजरी. परक्या दारात मोठ्याने हाक मारणे मला जमत नसे. मी नुसती कडी वाजवी. मुलींना कळे, मावशी आल्या.

शाळेचा एक नियम होता. निघताना आणि पूल ओलांडल्यावर मुली मोजायच्या. तो मी पाळत नव्हते. आमच्याकडे लेकरे मोजत नसत. पंगतीला बसलेली असोत की ओसरीवर निजलेली, बोट दाखवून एक-दोन म्हणायचे नाही. माझ्या पाठची दोन भावंडे एकाच आठवड्यात गेली, तेव्हा आई म्हणाली होती की पाहुणी आलेल्या बाईने त्यांना मोजले होते. मग लोकांच्या मुली मी कशा मोजणार? मी त्यांच्या तोंडांवरून नजर फिरवी. ही आहे, ती आहे, लाल फीतवाली आहे, खोकणारी आहे. दोन वर्षे तसेच निभावले.

तो बुधवार होता. बुधवारी नदीच्या पात्रात बाजार भरे. उन्हाळ्यामुळे पाणी आटले होते. शाळा सुटल्यावर मुली म्हणाल्या, "मावशी, पुलावरून नको. बाजारातून जाऊ ना, बांगड्या बघू." मला नाही म्हणता आले नाही. कासाराच्या पालापाशी घोळका थांबला, मग निघाला. तेव्हा मी नजर फिरवली की नाही, ते मला कितीही आठवून पाहिले तरी आठवत नाही. एकेक मुलगी घरी सोडत मी एका दारात पोचले. आई बाहेर आली, माझ्या मागे बघून म्हणाली, "आमची कुठंय?"

मी वळून पाहिले. मागे एकच मुलगी होती आणि ती पुढच्या घरची होती.

त्यानंतरचे मला नीट सलग सांगता येत नाही. मुलीचे वडील धावले, शेजारी धावले. कुणीतरी दवंडीवाला आणला. तो ढोल बडवत पुढे आणि मी मागे. "ऐका हो. सात वर्षांची मुलगी, हिरवा परकर, पायात चांदीच्या तोरड्या. शाळेच्या बाईच्या हातून हरवली हो." प्रत्येक कोपऱ्यावर तो तेच म्हणे. शाळेच्या बाईच्या हातून. लोक मुलीचे वर्णन ऐकण्याऐवजी माझ्याकडे बघत. मी पदर डोळ्यांपर्यंत ओढला होता, पण जाणार कुठे?

दिवेलागणीला मुलगी सापडली. बाजार उठत होता. एका गावाकडच्या भाजीवालीच्या पोत्यावर ती बसली होती. भाजीवाली मला म्हणाली, "तुमची का ही? लय रडली. नाव इचारलं तर सांगंना. गूळ दिला म्हनून गप बसली. एकटी सोडून जायाला मन व्हईना, गाडी थांबवून धरली माझी." मुलीच्या पायांत तोरड्या नव्हत्या. कुणा बाईने बांगड्या दाखवते म्हणून हात धरून नेले, एवढेच तिला सांगता आले.

दुसऱ्या दिवशी मला शाळेच्या कमिटीपुढे उभे केले. तिघे गृहस्थ आणि मुख्याध्यापिका, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत. एका गृहस्थांनी विचारले, "बाई, तुम्हाला मोजता येत नाही का?"

"येतं."

"मग?"

त्यांच्यापुढे ते सांगायचे कसे? शेवटी ठरले की तोरड्यांचे नऊ रुपये मी भरायचे, दरमहा पगारातून एक. फिटेपर्यंत कामावर ठेवायचे आणि पुढे ठेवायचे की नाही ते तेव्हा बघायचे.

सगळे गेल्यावर मोठ्या बाईंनी मला थांबवले. मी त्यांना खरे कारण सांगितले. त्या हसल्या नाहीत.

"मी रोज हजेरी घेते," त्या म्हणाल्या. "शंभरावर मुली मोजते. सांगा, माझ्या मोजण्याने किती दगावल्या?"

मग त्यांनी फाटकाकडे बोट दाखवले.

"उद्यापासून फाटकात उभ्या राहून मोठ्याने मोजायच्या. मला वर ऐकू आलं पाहिजे."

पहिल्या सकाळी माझ्या तोंडून 'एक' निघेना. धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही लाभ म्हणतो, तेच आले. लाभ, दोन, तीन. मुली खिदळल्या. एक म्हणाली, "मावशी आम्हाला बाजरीसारख्या मापतात." वरच्या खिडकीतून मोठ्या बाई म्हणाल्या, "मापू द्या. सांडू नका म्हणजे झालं."

पण माझे मन ठिकाणावर येईना. रोज कुणाला शिंक आली, कुणाचे अंग कोमट लागले की मी त्या दिवशीचे मोजणे आठवी. एकीला गोवर निघाला तेव्हा चार दिवस मला जेवण गेले नाही. ती बरी झाली. त्या हरवलेल्या मुलीला आता तिचे आजोबा शाळेत सोडत आणि मला पाहून रस्त्याची दुसरी बाजू धरत. घरी मी सारखी उठून कडी बघे, भांडी बघे, परत मोजे. यजमान म्हणाले, "एवढं मोजतेस तर भाकरीही मोज. मला एक कमी आली."

पगाराच्या दिवशी कारकून एक रुपया बाजूला काढी, "हा तोरड्यांचा" म्हणे आणि पाच माझ्याकडे सरकवी. देणे कमी होते याचा आनंद व्हायला हवा होता. मला उलटे होई. फिटले की मला काढणार, मग घरात खायचे काय? एकदा मनात आले, कारकुनाला म्हणावे या महिन्यात कापू नका. ते बोलायचाही धीर झाला नाही.

शेवटचा महिना आला. थंडी पडली होती. कारकुनाने रुपया काढला आणि म्हणाला, "फिटले हो तुमचे." मी पाच रुपयांना हात लावला नाही. मोठ्या बाई तिथेच काही वाचत होत्या.

"बाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच मोठा वाटला. "कमिटी काय म्हणते?"

"कशाबद्दल?"

"पैसे फिटल्यावर माझं बघू, म्हणाले होते."

त्यांनी चष्मा वर केला. "कमिटी सध्या बाकांच्या लाकडावरून भांडते आहे. तुमची आठवण कुणाला नाही आणि मी करून देणार नाही. उद्यापासून शाळा अर्धा तास उशिरा भरेल. तेवढं घरोघर सांगा, नुसती कडी वाजवू नका."

मी पाच रुपये उचलले. तेवढ्यात त्या मुलीचे आजोबा तिला न्यायला आले. कारकुनाने तो नववा रुपया माझ्यादेखत त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी तो उलटापालटा करून पाहिला, कनवटीला लावला आणि नऊच्या नऊ पोचले म्हणून मला सांगितले.